तोंडातली सुई : कधी घ्यावी, किती भरवसा ठेवावा आणि आधी काय सोडावं



मागच्या महिन्यात आपल्या एका गटाच्या बैठकीत एक ताई कर्ज मागायला उभ्या राहिल्या. बी-बियाण्याला नाही, शेळीला नाही. "तोंडात सुया घ्यायच्या हायत," म्हणाल्या. दोघी-तिघी हसल्या. सुई दंडात घेतात, कमरेत घेतात, तोंडात कशी घेतात? मग त्या ताईंनी तोंड उघडून दाखवलं, आणि हसणं थांबलं. तोंड दीड बोटापेक्षा जास्त उघडत नव्हतं.

त्या हंगामात मिरचीचे देठ काढायला जातात. धर्माबादची मिरची म्हटलं की आपल्याला ठसका आधी आठवतो. दिवसभर त्या धुळीत बसायचं, भूक मारायची, झोप घालवायची, म्हणून गालात सुपारीचं खांड. अशी १२-१३ वर्षं गेली. आधी ठेचा झोंबायला लागला. मग भाकरीचा घास लहान करावा लागला. मग भाकर दुधात कुस्करून खायची वेळ आली. "चार सुया झाल्या. पहिल्यांदा बरं वाटलं, जरा तोंड उघडू लागलं. आता परत तसंच. अजून घ्या म्हणतात. पैसे कुठून आनू?"

गटापुढे प्रश्न होता, कर्ज द्यायचं का? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हे समजून घ्यावं लागतं की ही सुई काय करते आणि काय करत नाही. म्हणून हा लेख. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी हेही एक सूत्र आहे, आणि तोंड हा आरोग्याचा दरवाजा आहे.

हा आजार कोणता?

आपल्या गालाच्या आत, ओठाच्या आत, टाळूला एक मऊ, ओलं, गुलाबी अस्तर असतं. नव्या लुगड्यासारखं नाही, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्यासारखं. ओढलं तर ताणतं, सोडलं तर परत येतं. सुपारी रोज चघळली की या अस्तराला आतून सूज येत राहते. सुपारीत आरेकोलीन नावाचं द्रव्य असतं. त्यामुळे अस्तराखाली चिवट तंतू जास्त तयार होतात. सुपारीतलाच तुरट भाग त्या तंतूंना इतकं पक्कं करतो की शरीराला ते मोडता येत नाहीत. हळूहळू गालात दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात. अस्तर पांढरट पडतं, ताणत नाही. याला डॉक्टर 'ओरल सबम्यूकस फायब्रोसिस' म्हणतात. चिठ्ठीवर 'ओएसएमएफ' असं लिहिलेलं दिसेल.

हा आजार पुरुषांचाच आहे असं समजू नका. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा लिहून ठेवला, तेव्हा त्यांनी ज्या पाच जणींत तो पाहिला त्या पाचही भारतीय बायका होत्या, आफ्रिकेतल्या केनियात राहणाऱ्या. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भारतात डॉ. जोशी यांनी त्यावर लिहिलं. म्हणजे सत्तर वर्षांपासून हे माहीत आहे. फक्त आपल्या बैठकीपर्यंत पोचलेलं नाही.

घरच्या घरी ओळखायचं कसं?

- तिखट नेहमीपेक्षा जास्त झोंबतं. घरातल्या बाकीच्यांना भाजी ठीक लागते, तुम्हालाच आग होते. ही बहुतेक वेळा पहिली खूण असते.
- आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांच्या मध्ये घालून बघा. तीन बोटं सहज गेली तर ठीक. दोनच गेली तर तपासून घ्या. दीड किंवा एक गेलं तर उशीर करू नका.
- फुंकणीशिवाय चूल फुंकता येत नाही, शिट्टी वाजत नाही, गाल फुगत नाहीत.
- जीभ पूर्ण बाहेर येत नाही.
- आरशात गालाच्या आत पांढरट, संगमरवरासारखं दिसतं. बोट फिरवलं तर आत दोरी लागते.
- पुढे गेलेल्या आजारात आवाज नाकातून येतो, गिळताना त्रास होतो, कान दुखतो.

आशाताई ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा जो फॉर्म भरतात, त्यात 'तोंड उघडायला त्रास होतो का' आणि 'तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का' हे प्रश्न असतातच. आपण लाजेनं किंवा घाईत 'नाही नाही' म्हणून टाकतो. पुढच्या वेळी खरं सांगा.

सुईत काय असतं?

या आजारात गालाच्या आतल्या अस्तराखाली बारीक सुईनं औषध सोडतात. साधारणपणे तीन गोष्टी असतात.

पहिलं, भूल देणारं औषध, म्हणजे दुखत नाही. दात काढताना देतात तेच, लिग्नोकेन.

दुसरं, हायल्युरोनिडेज. पेशींच्या मध्ये जो चिकट गर असतो, तो हे औषध पातळ करतं. घट्ट मळलेल्या कणकेला पाण्याचा हात लावला की ती सैल पडते, तसं समजा. त्यामुळे सोबतचं औषधही आत पसरतं.

तिसरं, स्टेरॉइड. डेक्सामेथासोन किंवा ट्रायमसिनोलोन अशी नावं असतात. ते सूज आणि आग कमी करतं आणि नवे तंतू तयार होण्याचा वेग कमी करतं.

ही सुई एकदा घेऊन भागत नाही. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, असे काही आठवडे ती घ्यावी लागते. किती, ते तोंड बघून डॉक्टर ठरवतात. दर वेळी गालातली जागा बदलतात.

सुई काय करते आणि काय करत नाही

इथं नीट लक्ष द्या, कारण पैसे इथंच वाया जातात.

आजार सुरुवातीला असेल तर सुईनं आग कमी होते, खाता येतं, तोंड काही प्रमाणात जास्त उघडतं. हा फायदा खरा आहे. पण जे जाड पट्टे आधीच तयार झालेत, ते सुईनं पूर्ण विरघळत नाहीत. तोंड लग्नाच्या वेळी होतं तसं होईल, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. फार पुढं गेलेल्या आजारात, तोंड एका बोटाएवढंच उघडत असेल तर, पट्टे कापून मोकळे करायची शस्त्रक्रिया करतात.

दुसरी गोष्ट, सुपारी चालू ठेवून सुई घेणं म्हणजे खालून गळक्या घागरीत पाणी भरणं. एकीकडं औषध सूज उतरवतं, दुसरीकडं सुपारी ती परत आणते. आपल्या ताईंचं हेच झालं होतं. चार सुया घेतल्या, पण कामाला जाताना खांड गालात होतंच. "सोडा असं सांगितलं होतं का?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं. मला वाटलं, सुई हाय की."

तिसरी गोष्ट, सुईलाही मर्यादा असते. पुन्हा पुन्हा टोचल्यानं गालाला इजा होते, आणि त्या इजेचाही वण होतो. म्हणून 'जितक्या जास्त सुया तितकं बरं' असं नसतं. ठरलेल्या सुया झाल्यावर फरक दिसत नसेल, तर 'अजून दहा घेऊ का' असं विचारू नका. 'आता पुढं काय' असं विचारा.

सुईइतकंच महत्त्वाचं: तोंडाचा व्यायाम

सुईनं अस्तर थोडं सैल पडतं. ते सैल राहायला रोज ताणावं लागतं. व्यायाम न करता घेतलेली सुई अर्धीच घेतली असं समजा.

- तोंड जितकं उघडेल तितकं उघडा, दहा मोजेपर्यंत धरा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा.
- आइस्क्रीमच्या लाकडी काड्या स्वच्छ धुऊन एकावर एक ठेवा आणि दातांमध्ये धरा. आज जितक्या मावतात तितक्या मोजून वहीत लिहा. आठवड्यानं एक वाढते का बघा. जोर करून कोंबू नका, दात हलतात.
- गाल फुगवून हवा एका गालातून दुसऱ्या गालात फिरवा. लेकरांचा फुगा घेऊन फुगवा.

बचतीच्या वहीसारखीच काड्यांची वही ठेवा. त्यातला आकडा डॉक्टरांना दाखवा, त्यांना त्याचा उपयोग होतो.

सगळीच तोंडाची आग सुपारीची नसते

काही ताई म्हणतील, "मी तर सुपारीला हात लावत नाही, तरी माझं तोंड जळतं." बरोबर आहे. दुसरी कारणंही असतात.

एक म्हणजे लायकेन प्लेनस. हा आजार चाळिशीच्या पुढच्या बायकांत जास्त दिसतो. दोन्ही गालांत आतून पांढऱ्या रेघांची जाळी दिसते, क्रोशाच्या विणीसारखी. कधी लाल होऊन सोलतं, जखम होते. हा संसर्गाचा नाही, एकाच्या ताटात जेवल्यानं दुसऱ्याला होत नाही. नुसती जाळी असेल आणि त्रास नसेल तर औषधही लागत नाही. आग होत असेल तर आधी लावायचं मलम देतात. मलमानं न भरणाऱ्या हट्टी जखमेच्या कडेला स्टेरॉइडची सुई देतात. जखम भरते, पण आजार परत डोकं वर काढू शकतो. आणि शंभरात एखादीला पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून बरं वाटत असलं तरी सहा महिन्यांनी-वर्षानं तोंड दाखवत राहावं.

दुसरा आहे पेम्फिगस, पण तो कमी जणांना होतो. तोंडात फोड येतात, फुटतात, आणि भरतच नाहीत. मग अंगावरही फोड येऊ लागतात. हा गंभीर आहे. याची इंजेक्शनं गालात न देता सलाईनमधून, मोठ्या दवाखान्यात, त्वचारोग डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. इथं घरगुती उपाय करत बसू नका.

याशिवाय अंगात रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं, बुरशी लागणं, यानंही तोंड जळतं. त्यासाठी सुई लागत नाही, रक्त तपासून औषध लागतं. म्हणून आधी आजाराचं नाव कळलं पाहिजे. नाव न कळता सुई घेऊ नका.

सुई घेण्याआधी हे सांगा

स्टेरॉइडनं रक्तातली साखर वाढू शकते. आपल्या ताईंना शुगर होती. सुई देणाऱ्यानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिसऱ्या सुईनंतर चक्कर, सारखी तहान, रात्री चार वेळा उठणं. त्यांना वाटलं उन्हानं होतंय. म्हणून डॉक्टरांनी विचारो न विचारो, तुम्ही सांगा:

- शुगर, बीपी आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत
- दिवस गेलेत का, लेकरू अंगावर पितं का
- टीबी झाला होता का, आता खोकला-ताप आहे का
- कोणत्या औषधानं अंगावर गांधी उठतात का, श्वास कोंडतो का
- रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का
- आधी अशा किती सुया झाल्या आणि कुठल्या औषधाच्या

रिकामी बाटली किंवा चिठ्ठी मागून घ्या. आपल्या तोंडात काय गेलं हे कळणं हा आपला हक्क आहे. आणि सुई नवी, आपल्यासमोर फोडलेली असावी.

सुई झाल्यावर एक-दोन तास गाल बधिर असतो. तेव्हा गरम चहा पिऊ नका, काही चावू नका. गाल चावला गेला तर कळतही नाही. थोडी सूज, थोडं दुखणं चालतं. पण तोंड-डोळे सुजले, श्वास लागला, अंगभर पुरळ आलं तर तसंच उठून दवाखान्यात जा. दोन-तीन दिवसांनी ताप किंवा पू आला तरी परत दाखवा. तोंडात दह्यासारखे पांढरे, पुसले जाणारे थर आले तर ती बुरशी असू शकते, त्यालाही औषध आहे.

ज्या जखमेचं नाव माहीत नाही, तिच्यावर सुई नको

ओएसएमएफ हा कर्करोग नव्हे. पण त्याची जमीन त्यातून तयार होऊ शकते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉक्टरांनी केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. म्हणजे बहुतेकांना झाला नाही, पण ५ हा आकडा सोडून देण्यासारखाही नाही.

म्हणून दोन आठवड्यांत न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, गाठ, हात लावला की रक्त, मानेत गाठ, यातलं काही असेल तर सुईच्या आधी तपासणी. डॉक्टर बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतील. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' असं गावात बोलतात. ते खरं नाही. तुकडा तपासला नाही म्हणून उशीर होतो, आणि उशिरानं माणूस जातो.

'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारीच'

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालच्या अहवालात तंबाखू नसलेल्या सुपारीलाही कर्करोग करणारी वस्तू ठरवलं. गुटखा आणि पानमसाल्यावर आपल्या राज्यात २०१२ साली बंदी आली, तरी पुड्या कुठं मिळतात हे लेकरांनाही माहीत असतं. मिश्रीनं दात घासणाऱ्या ताईंनीही हे स्वतःला लागू धरावं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, भाजल्यानं तिचं विष जात नाही.

आणि लेकरांची गोड सुपारी! बैठकीत त्या ताईंची सातवीतली मुलगी आईला बोलवायला आली होती. तिच्या मुठीत गोड सुपारीची पुडी होती. आईनं ती बघितली आणि पहिल्यांदा रडल्या. स्वतःच्या तोंडासाठी त्या रडल्या नव्हत्या.

हिशोबही करून बघा. समजा रोज १० रुपयांची पुडी. महिन्याचे ३०० झाले, वर्षाचे ३,६५०. तोंडात घालून तोंड बंद करायला आपणच पैसे देतो.

सोडणं सोपं नाही हे मान्य. पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, हात आपोआप कनवटीला जातो. त्या वेळी गालात बडीशेप, लवंग धरा. तोंड सोललेलं असेल तर लवंग नको, नुसतं पाणी प्या. एकटीनं सोडण्यापेक्षा दोघी-तिघींनी मिळून सोडा. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी नंबर आहे, १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत.

कुठं जायचं?

आधी आशाताई किंवा उपकेंद्रातल्या ताईंना तोंड दाखवा. मग ग्रामीण रुग्णालय. तिथून चिठ्ठी घेऊन नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. लातूरकडच्या ताईंना विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था जवळ पडते. दातांचं सरकारी महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, धर्माबादहून नांदेडवरून जाणाऱ्या त्याच रेल्वेमार्गावर. शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचा उपचार लागला तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत न्या. आठवडी बाजारात किंवा दारावर येऊन 'एका सुईत तोंड उघडतो' म्हणणाऱ्याच्या हाती गाल देऊ नका.

मग कर्जाचं काय झालं?

गटानं कर्ज दिलं. पण एकदम दिलं नाही. आधी जाण्या-येण्यापुरते आणि रक्त तपासणीपुरते पैसे दिले. एक सदस्य सोबत गेल्या. शुगर तपासली, ती वाढलेली निघाली. आधी ती आटोक्यात आणली, तुकडा तपासला, त्यात कर्करोग निघाला नाही. त्यानंतर सुया सुरू झाल्या. सरकारी दवाखान्यात गेल्यामुळे मागितलं होतं त्यापेक्षा कमी कर्ज लागलं. आणि गटानं एक अट घातली, ती व्याजाची नव्हती: दर बैठकीत काड्या मोजून दाखवायच्या.

आज त्यांचं तोंड दोन बोटं उघडतं. तीन उघडेल असं डॉक्टरांनी कबूल केलेलं नाही. ठेचा अजून झोंबतो. पण भाकर कोरडी खाता येते. "दुधात कुस्करायची लेकरासारखी, तेवढं तरी गेलं," असं त्या म्हणतात. त्यांच्यासोबत कामावरच्या आणखी दोघींनी खांड सोडलंय.

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. हजेरी झाली की सगळ्यांनी तीन बोटांची तपासणी करा. पाच मिनिटं लागतात. हसू येईल, येऊ द्या.
२. दोन बोटं किंवा कमी जाणाऱ्या ताईंचं नाव आशाताईंकडं द्या. बैठकीच्या वहीत आजार लिहू नका, ज्याचं त्याचं दुखणं ज्याच्या त्याच्याजवळ.
३. गटातून आरोग्यासाठी कर्ज देताना विचारा: आजाराचं नाव काय, तपासणी झाली का, सरकारी दवाखान्यात विचारलं का.
४. घरी गेल्यावर लेकरांचं दप्तर आणि धन्याचा खिसा बघा. भांडायला नको. तीन बोटं त्यांनाही घालायला सांगा.

आणि बोटं घालण्याआधी हात धुवा. मिरचीचे हात असतील तर दोनदा धुवा.